मालक क्रमांक तीन

६ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळची बेंबळीची एसटी आज पुन्हा आली नाही. वडापच्या जीपमध्ये अर्धी बाहेर, अर्धी आत बसून शाळेत पोचले. शेजारचा माणूस धाराशिवपासून माझ्या चपलेजवळ थुंकत होता. त्याला बोलावं असं वाटत राहिलं आणि बोलले नाही. उतरल्यावर त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

दुपारी खिचडीची चव घ्यायची पाळी माझी होती. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं चाखून रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा असतो. सगळे न चाखताच ‘चव चांगली’ लिहितात. मी ‘मीठ कमी’ लिहिलं. मालनबाई हसल्या. गेली नऊ वर्षं खिचडी त्याच शिजवतात. "म्याडम, ह्या रजिस्टरात खरं लिवणाऱ्या तुमी येकट्याच."

कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. मला मात्र बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

पातेलं उतरवताना त्या म्हणाल्या, "एसटीपायी किती वडाताण करून घ्याल? आमच्या अंगणात स्कूटी हाय. घ्या की तुमी."

"तुमची स्कूटी?"

"ह्यांच्या नावावर हाय. मला कुठं चालवता येती? कोंबड्या बसत्यात तिच्यावर."

त्यांचे यजमान पिराजीभाऊ ऑगस्टमध्ये छातीत कळ येऊन गेले. ते तर कायम मोटारसायकलवर दिसायचे. स्कूटी कुणासाठी घेतली होती, असं विचारलं. "घेतली हुती," एवढंच म्हणाल्या. भाचीबिचीसाठी असेल.

८ जानेवारी, बुधवार

गाडी पाहिली. करड्या रंगाची, वर फाटकी ताडपत्री, सीटवर कोंबड्यांची घाण वाळून खवले झालेली. मालनबाईंनी किल्ली हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. "डिकी तुमीच उघडा. म्या हात लावलेला न्हाय."

गावातल्या मेकॅनिकनं बॅटरी बदलली, गाडी सुरू झाली. भाव मालनबाईंनी सांगितला तोच मी कबूल केला. घासाघीस केली नाही यात चांगुलपणा किती आणि संकोच किती, कोण जाणे.

घरी आणून डिकी उघडली आणि नाकाला पदर लावला. गुटख्याच्या पुड्या, मुंग्यांनी पोखरलेला बिस्किटाचा पुडा, केसांचं एक रबर, आणि तळाशी पोरासोरांच्या मापाचा निळा रेनकोट. आत आत चिकटून बसलेला, बुरशीनं पांढरा झालेला. कॉलरवर पेनानं ‘समृद्धी’ लिहिलेलं. कंपनीचं नाव असावं. हल्ली छापायचेही कष्ट घेत नाहीत. सर्व्हिसिंगचं पुस्तक आणि विम्याचा कागद तेवढा बाजूला काढला. बाकी सगळं परसात नेऊन पेटवलं. त्या रेनकोटाचा असा काळा, घशात बसणारा धूर निघाला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

प्लास्टिक जाळायला नको होतं. पोरांना परिसर अभ्यास शिकवते आणि घरी हे उद्योग. रात्रभर त्याचीच टोचणी राहील.

१७ जानेवारी, शुक्रवार

अर्धी रजा टाकून आरटीओत गेले. खिडकीवरच्या मुलीनं नीट सांगितलं: मालक मयत असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी, मग विक्री. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, पंचांच्या सह्या. सांगणं सरळ होतं, पण कागद बरेच. म्हणून समोरच्या पत्र्याच्या टपरीत रणधीर नावाच्या एजंटाकडे गेले.

त्यानं दाखला बघितलाच नाही. "मॅडम, वारसबिरस कशाला? पिराजीभाऊंनी जुलैमध्येच तुम्हाला गाडी विकली असं दाखवू. दोन फॉर्म, चार सह्या, विषय संपला."

"सह्या कोण करणार?"

"मी हाय की." त्यानं विम्याच्या कागदावरची पिराजीभाऊंची सही समोर ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला बॉलपेननं गिरवायला लागला. जीभ दातात धरून, लहान पोर अक्षर काढतं तसा. तिसऱ्या खेपेला हुबेहूब आली. त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. "बघा. त्यांच्या बायकोलाबी वळखू येणार न्हाय."

मेलेल्या माणसाची सही, आणि हा शाबासकी मागतोय. मी खुर्ची मागं घेतली. म्हणाले, मला सगळं रीतसर हवं.

"रीतसर म्हणजे लई लोकं मधी येतेत, मॅडम. सहीत कोण येत न्हाय." मग जरा हसून, "तुमच्यासारखी आणखी चार गिऱ्हाइकं आली तर मला शेळ्या राखायला जावं लागंल."

मी म्हटलं, आमच्या घरी मेंढ्याच होत्या. आबा जनावर विकताना त्याची खोड आधी सांगायचे, मग किंमत.

"म्हणून तुमी नोकरी करताय," रणधीर म्हणाला.

गाडीच्या चॅसीवर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्यानं नंबराचा ठसा तेवढा उतरवून घेतला. येताना हात सारखे पदराला पुसत होते. त्या सहीला हातही लावला नव्हता.

१८ जानेवारी, शनिवार

घरी कुमारना सांगितलं. ते पाटबंधारे खात्यात आहेत, सह्यांचं जग त्यांना माहीत. म्हणाले, "गाडी घेतेयस की अग्निपरीक्षा देतेयस? मालनबाईंना त्रास होतोय त्याचं काय?"

"खऱ्या कागदाचा कसला त्रास?"

ते पेपर वाचत राहिले. मीच विचार करत बसले. मालनबाईंनीही काल ‘रणधीर म्हणतो तसं करा’ असं दोनदा म्हटलं होतं. गरीब माणसंही खोट्याला इतकी सरावली आहेत. मन विटलं.

२७ जानेवारी, सोमवार

आज पंचांच्या सह्या. बेंबळीत महालिंगप्पांचं किराणा दुकान आहे, तिथंच बसलो. ते वयस्कर, सगळ्या गावाचे पंच. दुसरे पंच मालनबाईंचे शेजारी भागवत. मजकूर मी घरूनच सुवाच्य लिहून नेला होता: ‘मयत पिराजी सखाराम यांना अपत्य नाही. पत्नी मालनबाई याच एकमेव वारस आहेत.’

महालिंगप्पांनी चष्मा लावून वाचलं. ‘एकमेव’ या शब्दावर बोट ठेवून थांबले. भागवत गोण्यांकडे बघत मिशीत हसत होता.

"मालनबाई, येरमाळ्याकडचं काय लिहायचं?"

मालनबाईंनी पदर दातात धरला. मला वाटलं, काही मिळकत लपवली जातेय. मी सरळ विचारलं, "येरमाळ्याला यांची जमीन आहे का? असेल तर आत्ताच लिहिलेलं बरं."

दुकानात साखर घ्यायला आलेली दोन माणसं होती, ती माझ्याकडे बघायला लागली. भागवतनं तोंड फिरवलं.

"न्हाय म्याडम," मालनबाई म्हणाल्या. "जमीन न्हाय."

महालिंगप्पांनी आणखी काही न विचारता सही केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. जपून लिहीत जावा." मी इतकं जपून लिहिलेलं असताना हे कशासाठी? मालनबाई परत येताना माझ्यामागं गाडीवर बसल्या नाहीत. चालत गेल्या, तीही लांबच्या वाटेनं.

भागवतचं ते हसू डोळ्यांपुढून जात नाही. बाईमाणसाला कागदासाठी दारोदार फिरावं लागतं आणि हे दात काढतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सर्व्हिसिंगचं पुस्तक चाळत होते. पहिल्या पानावर पिराजीभाऊंच्या अक्षरात नाव, मु. पो. बेंबळी, मोबाईल नंबर. अक्षर मोठं, डावीकडं झुकलेलं. आतले तिन्ही शिक्के कळंबच्या गॅरेजचे. बेंबळीचा माणूस दोन गावं ओलांडून कळंबला कशाला जाईल? धाराशिव वाटेतच लागतं.

गाडी चोरीची तर नसेल? मालनबाईंचं ते हात न लावणं, रणधीरची घाई, ‘येरमाळ्याकडचं’. सगळे मिळून माझ्या गळ्यात काहीतरी घाण बांधताहेत आणि मी पंचांच्या सह्या गोळा करतेय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी मालनबाईंना घेऊन रणधीरच्या टपरीत गेले. अर्ज लॅपटॉपवर भरला. ओटीपी गाडीच्या नोंदीवरच्या मोबाईलला जातो; स्क्रीनवर शेवटचे चार आकडे दिसले, ४०१७.

मालनबाईंनी आकडे बघितले. "ह्यो त्यांचा नंबर न्हाय."

रणधीर पटकन म्हणाला, "नंबर बदलून घेऊ. आठ दिवस जातील, बाकी काय न्हाय."

"पण हा नंबर कुणाचा?" मी.

"ऱ्हाऊ द्या, म्याडम," मालनबाई म्हणाल्या. "बदलू द्या त्यानला." त्यांनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. माझा संशय पक्का झाला.

सर्व्हिसिंगच्या पुस्तकातला नंबरही ४०१७ नेच संपत होता. संध्याकाळी घरून फोन लावला. एका बाईनं उचलला.

मी म्हणाले, "धाराशिवहून बोलतेय. एका स्कूटीच्या कागदावर तुमचा नंबर आहे."

तिनं विचारलं, "करड्या रंगाची?"

"हो."

"कुठं हाय ती? विकली व्हय त्यांनी?"

"मयत पिराजी यांच्या पत्नीनं विकली." महिनाभर अर्जांवर हाच शब्द लिहीत होते. तोच तोंडात आला.

"कोण मयत?"

मग मला कळलं. फोन ठेवता आला असता, पण ठेवला नाही. तारीख सांगितली. सतरा ऑगस्ट.

"सोळाला गाडी घेऊन गेले," ती म्हणाली. "टायर बदलून उद्या आणतो म्हणले." मग म्हणाली, "म्या सहा म्हैने त्यानला शिव्या देत बसले. टाकून गेला म्हणून." मागून एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, कुणाचाय?" आणि फोन बंद झाला.

महालिंगप्पांच्या दुकानात मी जमिनीबद्दल विचारलं होतं. सगळ्यांसमोर.

पिराजीभाऊ शाळा समितीवर होते. गेल्या वर्षी झेंडावंदनाला मुलींच्या शिक्षणावर वीस मिनिटं बोलले आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचीही आता किळस येते. पण आज त्या बाईला ज्या आवाजात मी ‘मयत’ म्हणाले, तो आवाज त्याहून घाण होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मालनबाई स्वयंपाकघरात एकट्याच तांदूळ निवडत होत्या. लपवणं बरं नाही म्हणून सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कळलं म्हणा मग तिला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गावाला ठावं हुतं, म्याडम. तुमालाच न्हवतं." दोन खडे वेचून बाहेर टाकले. "त्यांच्या फोनवर तिचे फोन यायचे. रोज. धाव्या दिवशी म्या फोन बंद करून पेटीत घातला. तेवढंच माझ्या हातात हुतं. टाकून गेला म्हणून बसू दे रडत, म्हणलं."

"पण मालनबाई, तिला मुलगी आहे. कायद्यानं तिचाही—"

"तुमाला गाडी पाह्यजे हुती का माझा पंचनामा?" आता त्यांनी वर बघितलं. "त्या रणधीरनं सही ठोकली असती तर ती तिकडं ऱ्हायली असती, म्या हिकडं. आता यील ती. दारात बसून रडंल. माज्या दारात, माज्या आधी. मग आधी कुणी रडायचं ते ठरवायला बी पंच बोलवा तुमी."

मी म्हणाले, गाडी परत आणून लावते.

"नगं. ती अंगणात हुती तवर त्या बाजूचं दार मला उघडता येत न्हवतं."

चव घ्यायची पाळी माझीच होती. खिचडीत मीठ अजिबात नव्हतं. मी रजिस्टरमध्ये ‘चव चांगली’ लिहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

एसटीनं गेले. गाडी झाकून ठेवली आहे.

रणधीरची खोटी सही कुणाचं काही नेत नव्हती. मालनबाईंची खरी सही, तीही माझ्या सुवाच्य मजकुराखाली, एका पोरीला नाही म्हणते. हे मी कागद करताना कसं पाहिलं नाही? की माझ्यापुरता कागद स्वच्छ दिसला, एवढंच मला पुरे होतं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेतून आले आणि ४०१७ चा फोन. तिनं आज नाव सांगितलं, गौरी. येरमाळ्यात हायवेला हॉटेलात पोळ्या लाटते.

"त्या दिशी मला मेसेज आलता. तुमाला नंबर लागतोय ना, तो सहा आकड्यांचा? लावा. म्या सांगते."

मी तिला स्पष्ट सांगितलं: अर्जावर मालनबाई एकमेव वारस आहेत, ते खरं नाही, तुमच्या मुलीचा हक्क आहे, म्हणाल तर मी सगळं थांबवते.

"नगं, ताई. शाळेत पोरीच्या नावाम्होरं बापाचं नाव लावायला म्या दोन वर्षं हिंडले. आता स्कूटीसाठी न्हाय हिंडायची." मग म्हणाली, "त्या बाईला सांगा, म्या दारात येणार न्हाय. त्यांनीबी घाबरू ने."

रणधीरला फोन करून अडकून पडलेला अर्ज पुढं न्यायला सांगितलं. ओटीपी तिच्याकडं गेला, तिनं मला वाचून दाखवला, मी त्याला. एकेक आकडा सावकाश, दोनदा.

ठेवताना म्हणाली, "येक काम करा. डिकीत पोरीचा रेनकोट हाय. निळा. शाळेत आदलाबदल हुती म्हणून त्यांनी कॉलरवर तिचं नाव घातलंय. समृद्धी. त्यांच्या हातचं तेवढंच हाय तिच्याकडं, शोधत असती. ठेवा तेवढा. सुट्टीत येऊन नेते."

मी म्हणाले, "आहे. ठेवते."

इतकं सहज. जीभही अडखळली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मालनबाईंना गौरीचा निरोप सांगितला. त्या बराच वेळ चुलीतला जाळ मागं-पुढं करत राहिल्या. "पोरगी केवढी हाय?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. रेनकोटावरून आठ-नऊ वर्षांची असावी, हे बोलले नाही.

१९ मार्च, बुधवार

पोस्टानं आरसीचं कार्ड आलं. माझं नाव, पत्ता, सगळं बिनचूक. एका ओळीत मालक क्रमांक: ३. पहिले पिराजीभाऊ, दुसऱ्या पंधरा दिवसांपुरत्या मालनबाई, तिसरी मी. जिच्यासाठी गाडी घेतली ती कुठल्याच क्रमांकावर नाही.

कुमार म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? अभिनंदन." ते चिडवत नव्हते, त्यामुळे जास्त लागलं.

कार्ड पाकिटात ठेवलं. बघवत नाही.

२३ मार्च, रविवार

तीन दुकानं फिरले तेव्हा तसलाच निळा रेनकोट मिळाला. मार्चमध्ये रेनकोट कशाला, म्हणून दुकानदार हसला. माप अंदाजानंच घेतलं.

दुपारी परसात बसले. आधी पाण्यात भिजवला, मग मातीत लोळवला, पुन्हा धुतला. घड्या दगडानं घासल्या. खिशात थोडी धूळ भरून झटकली. जिथं तो जाळला होता तिथली जमीन अजून काळी आहे, म्हणून तिकडं पाठ करून बसले.

मग सर्व्हिसिंगचं पुस्तक उघडलं. ‘सखाराम’मधला स घेतला, ‘मु. पो.’ मधला म, ‘पिराजी’च्या र चं वळण. द्ध त्यांच्या हातचा कुठंच सापडला नाही. तो मनानंच, जरा डावीकडं झुकवून. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला लिहून बघत होते तेवढ्यात कुमार दारात आले.

"काय चाललंय?"

"पोरांचे पेपर," मी म्हणाले.

आठव्या खेपेला जमलं. तेच कॉलरवर उतरवलं, आणि शाई वाळायच्या आत ओलं बोट फिरवलं, पावसानं जरा पसरल्यासारखं. लांब धरून बघितला. पोरीला ओळखू येणार नाही.